कुंतीची पानं

"आईचं ते वाचलंस का?" लेकीने विचारलं.

"कुठलं ते?"

"अगं, शेवटाकडे. भांडण होतं ना त्यांचं, तेव्हा आई सांगते ते."

माझ्या प्रतीत आईने काहीच सांगितलं नव्हतं. पुस्तक होतं जॉन ग्रीनचं 'द फॉल्ट इन अवर स्टार्स', २०१२ सालचं, कॅन्सर झालेल्या सोळा वर्षांच्या हेझलचं. आदल्या रात्रीच संपवलं होतं मी. फर्ग्युसन रस्त्याच्या फूटपाथवरून दीडशे रुपयांना आणलेलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, आत कागद पिवळट आणि अक्षरं कुठे ठळक कुठे पुसट. शेवटाकडे सोळा पानं दोनदा आली होती. पहिल्यांदा वाटलं, मेट्रोत उतरायच्या घाईत खूण चुकीच्या जागी ठेवली असेल. मग कळलं की खूण बरोबर आहे, पानंच परत आली आहेत. ती संपल्यावर गोष्ट एकदम पुढेच गेली. मधे काहीतरी राहिल्यासारखं वाटलं खरं, पण हल्लीच्या कादंबऱ्या उड्या मारतात, असेल काही प्रयोग, असं म्हणून मीही उडी मारली.

लेक इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.

माझे वडील नारायण पेठेतल्या एका छापखान्यात होते. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घड्या घातलेली सोळा पानं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. बाइंडिंगला बसलेल्या माणसाचा हात चुकला की एक फर्मा दोनदा लागतो आणि पुढचा गळतो. अशी पुस्तकं बाबा घरी आणायचे, आमचं निम्मं वाचन तसल्या रद्दीवर झालं. आणि त्याच घरातल्या मुलीने गळलेल्या फर्म्याला प्रयोग समजावं! बाबा असते तर दोन दिवस जेवले नसते.

मैत्रिणीकडून लेकीने खरी प्रत आणून दिली. ती सोळा पानं मी सकाळी वनाजला मेट्रोत बसून वाचायला घेतली. (वनाजवरून निघणाऱ्या माणसाला बसायला जागा मिळते, कोथरूडच्या टोकाला राहण्याचा हा एवढाच फायदा.) हेझलला एक भीती असते. ती तेरा-चौदा वर्षांची असताना दवाखान्यात मरता मरता वाचलेली असते, आणि त्या वेळी तिने आईला वडिलांशी बोलताना ऐकलेलं असतं, की मुलगी गेली म्हणजे मी आई उरणार नाही. ते वाक्य ती तेव्हापासून गिळून बसलेली असते. मग घरात भांडण होतं, आणि त्या भांडणात बाहेर पडतं की आई गुपचूप शिकते आहे. सोशल वर्कचा अभ्यास करते आहे. मुलीला सांगितलं नाही, कारण मुलीला वाटेल, आईने माझ्यानंतरची तयारी चालवली आहे. आणि मुलगी? मुलीला आनंद होतो. आनंदाने रडू येतं तिला.

बंडगार्डनला उतरायचं ते मी कल्याणीनगरला उतरले आणि परतीची गाडी पकडली. ऑफिसात सांगितलं, मेट्रो लेट होती. मेट्रो बिचारी वेळेवर होती.

हे सगळं सुरू झालं मार्चमध्ये, लेकीची दहावी संपल्यावर. सुट्टीत ती दिवसभर खोलीत दार लावून वाचायची. जेवायला हाक मारली की आतून ठरलेलं उत्तर, "पाच मिनिटं, आई." ती पाच मिनिटं कधी अर्धा तास, कधी पोळ्या वातड होईपर्यंत. एकदा वैतागून विचारलं, असं आहे तरी काय त्या पुस्तकांत? ती म्हणाली, वाच की मग. आणि तू देशील ती मी वाचते. एकास एक. मराठी पुस्तकांना आपोआप गिऱ्हाईक मिळतंय म्हटल्यावर मी लगेच हात पुढे केला. जूनपर्यंत आमची सात-सात पुस्तकं झाली. त्यातली काही इथे येतील, काही मी विसरलेसुद्धा.

'द फॉल्ट'बद्दल आधी बोलून टाकते. त्यातली मुलं फार हुशार बोलतात. प्रत्येक वाक्य घासूनपुसून ठेवलेलं, जणू कुणीतरी ते टी-शर्टवर छापणार आहे. सोळा वर्षांची मुलं अशी बोलत नाहीत, असं मी म्हटलं. लेक म्हणाली, "तुमच्या नाटकांतली माणसं बोलतात तशी कोण बोलतं गं?" मुद्दा बिनतोड होता, पण मला पटला नाही. ते दोघं ॲम्स्टरडॅमला जातात आणि ॲन फ्रँकच्या घरात जिने चढून गेल्यावर पहिल्यांदा चुंबन घेतात, तिथे मला अंगावर काटा आला, पण लेखकाला हवा होता तो नव्हे. त्या घराला त्या घराचं दुःख पुरेसं आहे. ह्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. पण ती सोळा पानं मात्र, फर्मा गळलेला असो वा नसो, माझ्या डोक्यातून गेली नाहीत. आणि मग पुढच्या प्रत्येक पुस्तकात मला तीच खोड लागली. गोष्ट असायची मुलाची किंवा मुलीची, आणि मी आईला शोधत फिरायची.

'द हंगर गेम्स' तसं २००८ सालचं, सुझन कॉलिन्सचं. सिनेमे येऊन गेले, सगळ्यांना गोष्ट माहीत आहे: बारा जिल्हे, प्रत्येकातून एक मुलगा एक मुलगी, चोवीस जणांनी एकमेकांना मारायचं आणि राजधानीने ते टीव्हीवर बघायचं. मी नाक मुरडून हातात घेतलं आणि दोन दिवसांत संपवलं. कॅटनिस सगळं वर्तमानकाळात सांगते, त्यामुळे ती जगणार की नाही ह्याची वाचणाऱ्याला शेवटपर्यंत खात्री नसते. साधी युक्ती, पण चोख बसते. दुसरा भाग ठीक. तिसरा मी ढकलत ढकलत संपवला. दोन मुलांपैकी कोण, ह्या प्रश्नात मला काडीचा रस नव्हता.

मला रस होता तिच्या आईत. नवरा कोळशाच्या खाणीत स्फोटात मेल्यावर ही बाई नुसती बसून राहते. दोन मुली उपाशी, आणि ही एका जागी, नजर कुठेतरी लावून. अकरा वर्षांच्या कॅटनिसला घर चालवावं लागतं, आणि ती आईला ह्याबद्दल कधी धड माफ करत नाही. सोळाव्या वर्षी मीही केलं नसतं. लेक तर त्या बाईला उभी जाळायला निघाली होती. "अशी कशी आई असते?" असते बाई. आमच्याच वाड्यात एक होत्या. नवरा गेल्यावर वर्षभर जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून असायच्या, आणि त्यांची मुलं आळीपाळीने आमच्याकडे आणि समोर जेवायची. तेव्हा डिप्रेशन हा शब्द वाड्यात आलेला नव्हता. "त्यांचं बिनसलंय" एवढंच. तिसऱ्या भागाच्या शेवटी कॅटनिसची आई घरी परत येत नाही. दुसऱ्या जिल्ह्यात दवाखाना उभा राहत असतो, तिकडे राहते. लेकीला हा दुसरा गुन्हा वाटला. मला वाटलं, ह्या बाईला कुठेतरी काम मिळालं, बरं झालं. तीन जाड पुस्तकांत तिच्या वाट्याला काही धड आलं असेल तर एवढंच.

त्यानंतरचं 'वी वेअर लायर्स' मला आवडलं नाही. ई. लॉकहार्टचं, २०१४ सालचं. श्रीमंत घराणं, स्वतःचं बेट, उन्हाळ्यात जमणारी नातवंडं, आणि डोक्याला मार लागून आठवण पुसली गेलेली नात. शेवटी धक्का आहे. तो सांगत नाही, पण धक्क्यासाठी लिहिलेली कादंबरी मला खिसा झाकून बोलणाऱ्या माणसासारखी वाटते, सगळं लक्ष त्या खिशाकडे जातं. आणि त्या तुटक ओळी! एक शब्द. मग खाली दुसरा. ही कविता नव्हे, कागदाची नासाडी. (छापखानेवाल्याची मुलगी बोलते आहे.)

पण त्यात एक गोष्ट अशी होती की मी पेन्सिल घेतली. तीन बहिणी, म्हातारा बाप, आणि बापाच्या घरांवरून बहिणींची चाललेली ओढाताण. बाप तिघींना खेळवतो, आणि त्या आपापल्या पोरांना पुढे करतात: जा, आजोबांजवळ बस, गोड बोल, हे माग. अमेरिकेतल्या बेटावरचं हे सगळं मी सदाशिव पेठेत बघितलेलं आहे. वाडा पाडून बिल्डिंग व्हायची म्हणून सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि आजोबांना रविवारी भेटायला जाताना नातवाच्या हातात चितळ्यांची बाकरवडी. आम्ही त्या रविवारच्या नातवंडांपैकीच. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तुला पुस्तक आवडलं." तसं नव्हे. पुस्तक नाही आवडलं, त्यातली माणसं ओळखीची निघाली. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तिला पटवता आलं नाही. मलाही नीट सांगता येत नव्हतं, हे कबूल.

ह्या सगळ्यांत खरं पुस्तक निघालं ते सर्वांत बारकं. पॅट्रिक नेसचं 'अ मॉन्स्टर कॉल्स', २०११ सालचं. कल्पना त्याची नाही. शिव्हॉन डाउड नावाच्या लेखिकेची, ती स्तनाच्या कॅन्सरने २००७ मध्ये गेली आणि गोष्ट लिहायची राहिली, ती नेसने लिहिली. जिम केच्या काळ्या-करड्या चित्रांसकट वाचायला हवं. कॉनर तेरा वर्षांचा. आई आजारी. वडील अमेरिकेत दुसरा संसार मांडून बसलेले. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी मागच्या टेकडीवरचं झाड राक्षस होऊन खिडकीशी येतं. तो राक्षस तीन गोष्टी सांगणार, आणि चौथी कॉनरने सांगायची, ती खरी असली पाहिजे. त्या तीन गोष्टींत कोण चांगला कोण वाईट ह्याचा निकाल प्रत्येक वेळी आपण लावतो आणि प्रत्येक वेळी चुकतो. चौथी काय असते ते मी लिहिणार नाही. ज्याने कुणी घरात लांबलेलं आजारपण काढलं आहे त्याला ती माहीत आहे, आणि त्याने ती कुणाला सांगितलेली नाही.

मला सांगायची आहे ती आजी. आईला दवाखान्यात हलवल्यावर कॉनरला आजीकडे राहावं लागतं. आजी खडूस. तिच्या दिवाणखान्यात कशाला हात लावायची सोय नाही, एक जुनं घड्याळ तर देवासारखं जपलेलं. एका रात्री राक्षसाच्या गोष्टीच्या भरात कॉनर तो दिवाणखाना फोडून टाकतो. घड्याळ, फर्निचर, भिंतीवरच्या तसबिरी, सगळं. भानावर येतो तेव्हा दारात आजी. मी तिथे थांबले. आता ती काय म्हणणार हे मला ठाऊक होतं, शंभर कादंबऱ्या वाचल्यावर असतंच. आजी काही म्हणत नाही. तिच्या तोंडून नुसता एक आवाज निघतो. मग ती आत येते आणि एक काचेचं कपाट तेवढं उभं राहिलेलं असतं, ते स्वतःच्या हाताने ओढून खाली पाडते.

बास. पुढे त्या प्रसंगावर लेखक एक शब्द जास्त खर्च करत नाही. आपल्याला उशिरा लक्षात येतं की ही नुसती आजी नाही. हिची मुलगी मरते आहे.

हे पुस्तक कुठल्या कपाटात ठेवणार? दुकानात मुलांच्या विभागात असतं. अप्पा बळवंत चौकात तर गाइडं आणि अपेक्षित प्रश्नसंचांच्या मधे कुठेतरी. 'यंग अडल्ट' हे फळी लावणाऱ्याच्या सोयीचं नाव आहे, बाकी काही नाही. आमच्या लहानपणी ती फळीच नव्हती. 'किशोर' मासिक संपलं, फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेल्या फास्टर फेणेबरोबर सायकलवरून हिंडून झालं, की एकदम 'मृत्युंजय'. मधे पायरी नाही. चौदाव्या वर्षी मी कर्णाच्या रथात बसले ते विसाव्या वर्षी उतरले. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींचं तसंच. त्या 'मृत्युंजय'कडे परत येते, थोडं थांबा.

आता माझी पुस्तकं आणि तिची मतं. मी पहिली दिली मिलिंद बोकिलांची 'शाळा'. ह्याला काही नावं ठेवणार नाही ती, ह्या खात्रीने. २००४ सालची कादंबरी, गोष्ट आणीबाणीच्या वर्षातली, नववीतला मुकुंद जोशी आणि शिरोडकर. लेकीने तीन दिवसांत वाचली, दोनदा हसू दाबताना खोलीबाहेर ऐकू आलं. मग बाहेर येऊन म्हणाली, "मस्त आहे. पण तो तिच्या मागे मागे फिरतो, आई. ती क्लासला निघाली की हा हजर. आजच्या भाषेत ह्याला काय म्हणतात माहितीय ना?"

मी तावातावाने बचावाला उभी राहिले. काळ वेगळा होता, बोलायची सोय नव्हती, तो किती घाबरून असतो बघ, वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "ते कळतं गं. तो गोडच आहे. पण शिरोडकरला कुणी विचारलंय का, की तुला कसं वाटतं?" आता वीस वर्षं मी हे पुस्तक लोकांना भेट देते आहे. शिरोडकरला विचारावं असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. का आलं नाही? कारण वाचताना मी मुकुंद होते. मुलींनी मुलगा होऊन वाचायचं ही आमची सवयच होती, पुस्तकंच तशी होती. आमची लेक शिरोडकर होऊन वाचते.

मी माझ्या नव्या खोडीप्रमाणे परत वाचायला घेतली तर मला मुकुंदची आई दिसली. तो तिला 'आईसाहेब' म्हणतो, बहिणीला 'अंबाबाई'. पूर्वी मी ह्या नावांना मनापासून हसले होते. ह्या वेळी वाटलं, ही बाई अख्ख्या पुस्तकात स्वयंपाकघराच्या आसपास ओरडते आहे आणि आपण तिला फक्त मुलाच्या कानाने ऐकतो आहोत. बोकिलांची चूक नाही, नववीतला मुलगा आईला असंच ऐकतो. त्या पोरांना घरात जागाच नसते. न झालेल्या बिल्डिंगमध्ये जाऊन बसतात ती, कारण घरात बंद करायला दार नाही. दार असतं तर 'शाळा' झाली नसती, असं माझं एक आगाऊ मत आहे.

प्रकाश नारायण संतांचा लंपन तिला सगळ्यांत आवडला. 'वनवास' संपवल्यावर पंधरा दिवस आमच्या घरात सगळं 'मॅडसारखं' होतं. आमटी मॅडसारखी तिखट, बस मॅडसारखी भरलेली. मी तिला सांगितलं की हे लिहिणारे गृहस्थ कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवत होते, आणि इंदिरा संत त्यांच्या आई. लंपन आईपासून लांब आजी-आजोबांकडे राहतो, म्हणून तो वनवास. आई पानापानावर नसते आणि तरी सगळं पुस्तक तिच्या बाजूला कललेलं असतं. इतकी कमी दिसणारी आणि इतकी जागा व्यापणारी आई मी दुसरीकडे वाचलेली नाही.

'कोसला' मी भीत भीत दिली. १९६३ सालची, नेमाडे तेव्हा पंचवीस वर्षांचे, आणि पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येऊन पुण्याची जी शोभा करतो ती पुणेकर मुलीने कशी घ्यायची? पहिली साठेक पानं झाल्यावर तिने विचारलं, "ह्याला कशातच काही वाटत नाही का? प्रत्येक वाक्यात वगैरे." मी म्हटलं, वाच पुढे. दोन दिवसांनी रात्री अकराला ती उठून पाणी प्यायला आली. डोळे सुजलेले. मनूपाशी पोचली होती. धाकटी बहीण, देवी येऊन गेलेली. पाणी पिऊन म्हणाली, "इतका वेळ थट्टा करत होता हा. मला वाटलं, थट्टाच करायची असेल." आणि जाऊन दार लावून घेतलं. त्यावर मी काय बोलणार होते?

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हातात सॅलिंजरचं 'द कॅचर इन द राय' ठेवलं, १९५१ सालचं. दोन्हींची तुलना लोक फार वर्षं करत आले आहेत, तिला ते माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की होल्डनचाही भाऊ गेलेला आहे. मी कॉलेजात असताना ते वाचलं होतं, पण आठवत होता तो फक्त होल्डनचा तिरसटपणा. आता एक जागा सापडली ती मी तेव्हा वाचलीच नव्हती की काय! होल्डन रात्री चोरून घरी येतो, धाकट्या फीबीच्या खोलीत बसून सिगरेट ओढतो. आई येते. हा कपाटात लपतो. आईला धुराचा वास येतो, आणि छोटी फीबी खुशाल सांगून टाकते की मीच एक झुरका घेतला. आई रागावते, पण फार नाही. विसाव्या वर्षी मी होल्डनबरोबर कपाटात होते, श्वास रोखून. ह्या वेळी मी खोलीत उभी राहिले, त्या बाईबरोबर. मुलगा गेल्यापासून तिची तब्येत ठीक नसते, अर्ध्या रात्री जागून ती स्वतःच सिगरेटी ओढत बसते, हे होल्डनच आपल्याला सांगतो, जाता जाता. ज्या बाईची स्वतःची रात्र धुरात जाते तिला दुसऱ्याचा धूर कळत नसेल? कळला असणार. तिने विचारलं नाही.

'द बुक थीफ' दिलं तेव्हा लेक म्हणाली, ह्यात तुला हवी तशी आई आहे. एव्हाना तिने माझी खोड ओळखली होती. मार्कस झुसाकचं, २००५ सालचं, नाझी जर्मनीतली गोष्ट, आणि सांगणारा प्रत्यक्ष मृत्यू. मृत्यू मला जरा जास्तच काव्यमय वाटला, आकाशाच्या रंगांवरून हटतच नाही. पण रोझा! मुलगी दत्तक घेतलेली, आणि ही बाई तिला दिवसभर शिव्या घालते, लाडाचे शब्दसुद्धा शिव्याच. आमच्या आजीची धाकटी बहीण अगदी. मग नवऱ्याला लढाईवर जावं लागतं, आणि एका रात्री मुलीला दिसतं, रोझा पलंगाच्या कडेला बसली आहे, नवऱ्याचं अकॉर्डियन छातीशी बांधून. वाजवत नाही. बोटं स्वरपट्टीवर, आणि नुसती बसली आहे. हे मी बुधवारी रात्री वाचलं आणि गुरुवारी पुस्तक उघडलंच नाही.

मधे 'श्यामची आई' द्यायचा विचार आला होता. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली, हे तिला शाळेतच पाठ झालेलं, आणि शाळेत जे पाठ होतं ते घरी कुणी वाचत नाही. मला स्वतःला ती संस्कार करणारी आई कधी फार जवळची वाटली नाही. सावकाराचा माणूस दारात येऊन वाटेल ते बोलतो तेव्हा चवताळून उठते ती आई माझी. तेवढं वाचून दाखवीन कधीतरी.

जुलैत कॉलेज सुरू झालं आणि आमची देवाणघेवाण थंडावली. मला वाटलं, संपलं. मग एका शनिवारी माळ्यावरची पेटी काढली. बाबांची पुस्तकं. त्यात 'मृत्युंजय' होतं, माझंच, पहिल्या पानावर आठवीतल्या अक्षरात माझं नाव आणि इयत्ता. लेकीसाठी म्हणून धूळ झटकली आणि सहज चाळलं.

शिवाजी सावंतांनी त्यात एकेकाला बोलायला लावलं आहे. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण. कर्णाची पानं हाताळून मऊ झालेली, कोपरे दुमडलेले, कुठे कुठे निळ्या शाईच्या रेघा. कुंतीची पानं कोरी. कडक म्हणण्याइतकी. आणि दोन ठिकाणी कडा चक्क जोडलेल्या, कटिंगमधून सुटलेल्या. म्हणजे मी ती उघडलीसुद्धा नव्हती. आठवलं. कर्ण रंगात आला असताना मधेच ही बाई बोलायला लागते म्हणून मला राग आला होता. पोराला नदीत सोडलं आणि आता वर तोंड करून सांगते! मी बोटाने जाडी मोजून सरळ पुढचा कर्ण गाठला होता. गळलेला फर्मा बाइंडरचा हात चुकल्यामुळे गळतो. हा मी गाळला होता.

स्वयंपाकघरातून सुरी आणून जोडलेल्या कडा सोडवल्या. खोलीत गेले, पलंगावर टेकले, आणि वाचायला लागले. मी एका म्हाताऱ्या राजमातेची तयारी करून बसले होते. निघाली एक मुलगी. पृथा नावाची, बापाने मित्राला देऊन टाकलेली, नव्या घरात नाव बदललेली. घरी आलेल्या तापट ऋषीची सेवा हिने करायची, कारण बाकी कुणाची हिंमत नाही. आणि मग तो मंत्र, आणि तो खरा आहे की नाही हे बघायची हौस. किती वर्षांची असेल तेव्हा? आमच्या घरात पलीकडच्या खोलीत जी आहे तिच्याएवढीच. तीस-बत्तीस वर्षं मी जिला कर्णाची आई म्हणून शिव्या घालत होते ती त्या पानांवर अजून कुणाची आई झालेली नव्हती.

कितीतरी वेळ गेला असावा. दारावर टकटक झाली. दार मी लावलं होतं हे मला तेव्हा कळलं.

"आई, जेवायला काय आहे? साडेनऊ वाजले."

"पाच मिनिटं," मी म्हटलं.